डिस्टिलरीची बायोगॅस लाइन आणि इथेनॉलची टाकी: फ्लेम अरेस्टर कोणता घ्यायचा, केवढा घ्यायचा

परचेसच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘फ्लेम अरेस्टर, १५० एनबी, एसएस ३१६, नग १’. एनबी म्हणजे पाइपचं नाममात्र माप मिलिमीटरमध्ये, एसएस ३१६ हा स्टेनलेस स्टीलचा प्रकार. लाइन सहा इंची, म्हणून अरेस्टरही सहा इंची. गेट व्हॉल्व्ह मागवावा तसा मागवलेला. आलेला माल फ्लँजला नीट बसतो, गळत नाही, ऑडिटच्या यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण होते. पण ज्या दिवशी ज्वाला उलटी येईल त्या दिवशी तो तिला थांबवेल का, याचं उत्तर त्या इंडेंटमध्ये कुठेच नसतं.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये बायोगॅस आणि इथेनॉल साठवणीची कामं करताना मी हा इंडेंट अनेकदा परत पाठवला आहे. तो परत पाठवताना जे विचारतो, तेच इथे क्रमाने लिहितो. उदाहरण एकच घेऊ: मळीवर चालणारी, रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी. स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, डायजेस्टरमध्ये, म्हणजे ते जिवाणूंनी कुजवून गॅस करणाऱ्या टाकीत जातो. तिथला गॅस बॉयलरला, आणि बॉयलर बंद पडला की फ्लेअरला, म्हणजे जादा गॅस जाळून टाकणाऱ्या उंच नळीला. शेजारी इथेनॉलच्या टाक्या. पश्चिम महाराष्ट्रात फिरताना अशा डिस्टिलऱ्या ठिकठिकाणी दिसतात.

आधी, तो आत काय करतो

फ्लेम अरेस्टरच्या पोटात नालीदार आणि सपाट पट्टी एकावर एक गुंडाळून केलेलं चाक असतं. त्यातून हजारो बारीक सरळ नळ्या तयार होतात. गॅस त्यातून जातो. ज्वाला शिरली तर नळीच्या भिंती तिची उष्णता इतक्या झटकन शोषतात की पुढच्या गॅसला पेट घ्यायला लागणारं तापमान उरतच नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याभोवती बारीक जाळी गुंडाळली ती याच तत्त्वावर.

यातून दोन गोष्टी निघतात. नळी किती बारीक हवी हे गॅसवर ठरतं. आणि नळी किती लांब हवी हे ज्वाला किती वेगाने येऊन धडकते त्यावर ठरतं. पाइपचा व्यास या दोन्हींनंतर येतो. इंडेंटमध्ये नेमका तोच एकटा लिहिलेला असतो.

पायरी १: गॅस कोणता, आणि तो खरोखर तोच आहे का

प्रत्येक ज्वलनशील गॅसची एक कमाल सुरक्षित फट मोजलेली असते. एवढ्या रुंदीच्या फटीतून त्याची ज्वाला पलीकडे जात नाही. डेटाशीटवर ती एमईएसजी म्हणून येते. मिथेनची १.१४ मिलिमीटर, प्रोपेनची ०.९२, एथिलीनची ०.६५, हायड्रोजनची ०.३ च्याही आत. आयएसओ १६८५२ या मानकात यावरून गट पाडले आहेत: मिथेनसाठी आयआयए१, ०.९० च्या वर आयआयए, मग आयआयबी१, आयआयबी२, आयआयबी३, आयआयबी, आणि शेवटी ०.५० च्या खाली आयआयसी. कडक गटाचा अरेस्टर सौम्य गॅसला चालतो. उलटं चालत नाही.

बायोगॅस म्हणजे मिथेन, म्हणून आयआयए१ घ्या, असं पुरवठादार सांगतात. तो स्वस्त पडतो आणि त्याच्या नळ्या मोठ्या असल्याने दाबही कमी खातो. शुद्ध केलेल्या गॅसला ते मला मान्य आहे. पण मळीच्या स्पेंटवॉशमधून निघणारा कच्चा गॅस नुसता मिथेन नसतो. त्यात दोन-तीन टक्के हायड्रोजन सल्फाइड सहज असतो, आणि त्याची सुरक्षित फट ०.८३ मिलिमीटर म्हणजे मिथेनपेक्षा बरीच अरुंद. मिश्रणात त्याचा वाटा लहान आहे हे खरं, कार्बन डायऑक्साइड ज्वाला मंद करतो हेही खरं. तरीही स्क्रबरच्या (गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या लाइनवर मी आयआयए१ लावत नाही, आयआयए घेतो. गॅसचं पृथक्करण हंगामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी वेगळंच येतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

खरा घोटाळा इथेनॉलच्या टाकीवर होतो. पूर्वीच्या तक्त्यांमध्ये इथेनॉल आयआयएमध्ये असायचं. नव्या मोजणीत त्याची फट ०.८९ मिलिमीटर धरतात, म्हणजे ते ०.९० ची रेघ ओलांडून आयआयबी१ मध्ये गेलं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा, पण प्रमाणपत्र बदलतं. जुन्या टाक्यांवर आजही आयआयएचे अरेस्टर बसलेले आहेत. आपल्याकडच्या टाकीची नेमप्लेट एकदा वर चढून वाचा.

पायरी २: ज्वाला कुठून येणार आणि किती धावत येणार

बायोगॅस पाइपमध्ये नुसता असेल तर पेटत नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच जळतो. ६० टक्के मिथेनचा बायोगॅस धरला तर हे गणित साधारण ८ ते २५ टक्के बायोगॅस आणि उरलेली हवा असं येतं. म्हणजे लाइनमध्ये भरपूर हवा शिरली पाहिजे. ती शिरते: डायजेस्टर सुरू करताना, शटडाऊननंतर, ब्लोअरच्या सक्शनला गास्केट गेलेलं असताना, आणि गॅस कमी असूनही फ्लेअरचा पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) पेटता ठेवलेला असताना. धोका रोजच्या चालू कामात फारसा नसतो. तो या वेळांना असतो.

आता अंतर. स्थिर मिथेन-हवा मिश्रणात ज्वाला सेकंदाला अर्ध्या मीटरच्याही आत सरकते. तीच पाइपमध्ये शिरली की मागचा तापलेला वायू तिला ढकलतो, भिंतींशी घासून खळबळ वाढते, प्रत्येक बेंड आणि टी वेगात भर घालतो. पाइप पुरेसा लांब असेल तर ती आवाजाचा वेग ओलांडते आणि डिटोनेशन होतं: वेग सेकंदाला साधारण १८०० मीटर, पुढे दाबाची भिंत. संथ ज्वालेसाठी केलेला अरेस्टर त्यापुढे टिकत नाही. त्याची गुंडाळी फाटते.

म्हणून अरेस्टरचे तीन प्रकार लक्षात ठेवायचे. टाकीच्या व्हेंटच्या (हवा आणि वाफ ये-जा करण्याच्या नळीच्या) टोकाला बसतो तो. पाइपमध्ये, आगीच्या उगमाजवळ बसतो तो डिफ्लॅग्रेशनचा, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या ज्वालेचा. आणि पाइपमध्ये कुठेही, लांबवर बसू शकतो तो डिटोनेशनचा. यातल्या तिसऱ्यात पुन्हा स्थिर आणि अस्थिर डिटोनेशन असा भेद आहे. ज्वाला आवाजाचा वेग ओलांडते त्या क्षणी दाब सगळ्यात जास्त उसळतो, तेच अस्थिर डिटोनेशन, आणि तो क्षण नेमका अरेस्टरपाशी येणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून डिटोनेशन अरेस्टर घेताना अस्थिर डिटोनेशनला तपासलेलाच घ्यावा.

दुसरा की तिसरा, हे ठरवायला एक भागाकार पुरतो: आगीच्या उगमापासून अरेस्टरपर्यंतच्या पाइपची लांबी भागिले पाइपचा व्यास. आयएसओ १६८५२ नुसार आयआयए१ पासून आयआयबी३ पर्यंतच्या गटांना डिफ्लॅग्रेशन अरेस्टरसाठी हा आकडा ५० च्या वर जाता कामा नये. आयआयबी आणि आयआयसीला ३०.

आपल्या उदाहरणात फ्लेअर सहा मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्यापासून अरेस्टर १२ मीटर लांब, गॅस होल्डरच्या भिंतीशी, ‘मेंटेनन्सला सोयीचं’ म्हणून बसवला आहे. एकूण १८ मीटर. १५० एनबी पाइपचा आतला व्यास ०.१५४ मीटर. भागाकार ११७. तिथे डिफ्लॅग्रेशन अरेस्टर लावला असेल तर तो असून नसल्यासारखा आहे. तोच उचलून फ्लेअरच्या पायथ्याशी आणला तर सहा अधिक एक अशी सात मीटर लांबी, भागाकार ४५. आकडा बसतो, पण काठावर. पाइप २०० एनबी असेल तर ३५ येतो आणि जीव जरा मोकळा होतो.

बॉयलरच्या लाइनला मात्र नुसतं अंतर बघून चालत नाही. बर्नरच्या आधी शटऑफ व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, स्ट्रेनर अशी सगळी गॅस ट्रेन असते. ज्वाला आणि अरेस्टर यांच्या मध्ये असे अडथळे आले की भागाकार ५० च्या आत असूनही त्याचा भरवसा राहत नाही. ट्रेन मध्ये येणारच असेल तर डिटोनेशनचा घ्यायचा. किंमत बरीच जास्त आहे आणि दाबही जास्त खातो, म्हणून आधी जागा बदलून बघायची. अरेस्टरची जागा बदलणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि तो ड्रॉइंगवर असतानाच करता येतो.

पायरी ३: प्रवाह, पण खऱ्या घनमीटरमध्ये

३० हजार लिटर अल्कोहोलमागे, लिटरला दहा लिटर धरले तर, रोज ३०० घनमीटर स्पेंटवॉश. त्याचा सीओडी (त्यातल्या सेंद्रिय मालाचं ऑक्सिजनमध्ये मोजलेलं माप) घनमीटरला १०० किलो धरू: ३०,००० किलो. डायजेस्टर त्यातला ६५ टक्के खातो: १९,५०० किलो. किलोला अर्धा घनमीटर गॅस: ९,७५० घनमीटर रोज, तासाला सरासरी ४०६.

अरेस्टर सरासरीवर काढायचा नसतो. डायजेस्टरला फीड एकसारखं जात नाही, आणि बॉयलर ट्रिप झाला की सगळाच्या सगळा गॅस एकदम फ्लेअरकडे वळतो. दीडपट धरून तासाला ६१० घनमीटर घेऊ.

इथे एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की जरा थांबून सांगतो. हे ६१० म्हणजे शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेला कोरडा गॅस. आपला गॅस ३८ अंशांचा आहे, पाण्याच्या वाफेने भरलेला आहे, आणि कारखाना देशावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचाच दाब १०१ नव्हे तर सुमारे ९५ किलोपास्कल. गॅस साठतो त्या डोममध्ये २५० मिलिमीटर पाण्याचा दाब, म्हणजे आणखी अडीच. आता मांडा: तापमानाने १.१४ पट, दाबाने १.०४ पट, वाफेने आणखी १.०७ पट. गुणाकार १.२७. पाइपमधून खरोखर वाहतो तो तासाला ७७५ घनमीटर. सव्वापटीहून जास्त. डेटाशीटमध्ये नुसतं ‘६१० घनमीटर प्रति तास’ लिहिलं तर पुरवठादार ते जसंच्या तसं खरं धरतो, आणि पहिल्याच हंगामात डोमचा वॉटर सील (दाब फार वाढला की पाण्यातून गॅस बाहेर सोडणारा) बुडबुडायला लागतो.

पुढचं पाऊल. पुरवठादारांचे आलेख बहुतेक हवेवर काढलेले असतात, घनमीटरला १.२ किलो घनतेच्या. आपला ओला गॅस घनमीटरला साधारण १.० किलो भरतो. घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ ०.९१. त्याने ७७५ ला गुणलं की तासाला सुमारे ७१० घनमीटर हवा. आलेखावर हा आकडा शोधायचा.

पायरी ४: दाबाचा हिशेब, मळलेल्या अरेस्टरचा

डोमवर २५० मिलिमीटर आहे. ३०० ला वॉटर सील सुटतो, त्यामुळे दाब वाढवून घ्यायला फारशी जागा नाही. फ्लेअरपर्यंत पाइप आणि बेंड ५५ खातात, व्हॉल्व्ह १५, फ्लेअरचं तोंड ७०. एकूण १४०. अरेस्टरच्या वाट्याला उरले ११०.

समजा हातातल्या आलेखावर ७१० घनमीटरला १५० एनबीचा अरेस्टर ६२ मिलिमीटर दाखवतो आणि २०० एनबीचा २२. दोन्ही ११० च्या आत आहेत. परचेस १५० चा घेणार, आणि कागदावर त्यांचं चुकत नाही.

पण तो आकडा कारखान्यातून नव्या कोऱ्या निघालेल्या चाकाचा आहे. अर्ध्या नळ्या बुजल्या की उरलेल्यांतून दुप्पट वेगाने गॅस जावा लागतो. नळ्यांमधला प्रवाह शांत असेल तर दाबाची घट दुप्पट होते, खळबळीचा असेल तर चौपट. प्रत्यक्षात यांच्या मध्ये कुठेतरी. १५० एनबीचे ६२ मग १२४ ते २४८ होतात, म्हणजे उत्तम परिस्थितीतही ११० च्या बाहेर. २०० एनबीचे २२ होतात ४४ ते ८८. आत.

म्हणून इथे १५० च्या लाइनला २०० चा अरेस्टर, दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावून. त्यात एक पथ्य: आगीच्या बाजूचा पाइप अरेस्टरच्या फ्लँजपेक्षा मोठा नको, आणि सुरक्षित बाजूचा पाइप आगीच्या बाजूच्या पाइपपेक्षा लहान नको. पायरी २ मधला भागाकार जमवण्यासाठी फ्लेअरकडचा पाइप २०० केला, तर होल्डरकडचाही २०० करावा लागेल. मग रिड्यूसरही नकोत.

बॉयलरच्या लाइनला हाच हिशेब, फक्त तिथे ब्लोअर आहे. ब्लोअरनंतर दाब हजार-बाराशे मिलिमीटर असतो, त्यामुळे पन्नास-साठ मिलिमीटर घट कोणाला जाणवत नाही. तिथे जाणवायला हवी ती दुसरी गोष्ट. ज्या दाबाला अरेस्टरची स्फोट-चाचणी झाली, तो दाब आपल्या लाइनच्या निरपेक्ष दाबापेक्षा कमी असता कामा नये. दाब वाढला की त्याच घनमीटरमध्ये जास्त इंधन असतं आणि ज्वाला जास्त जोरात येते. प्रमाणपत्रावरचा हा आकडा ब्लोअरच्या बंद-व्हॉल्व्ह दाबाशी ताडून बघा.

इथेनॉलची टाकी: इथे श्वास आत घेण्याचं गणित मोठं

पेट्रोलच्या टाकीत वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटण्याच्या मर्यादेच्या वर राहते. इथेनॉलचं तसं नाही. ते हवेत ३.३ ते १९ टक्के असताना पेटतं, आणि ३० अंशांना त्याची संपृक्त वाफ देशावरच्या दाबाला ११ टक्के भरते. म्हणजे आपल्या हवामानात इथेनॉलच्या टाकीची वरची जागा वर्षातले बहुतेक दिवस अगदी मधोमध, पेटायला तयार असते. पेट्रोलियमच्या वर्गवारीत दोन्ही ‘ए’ वर्गात असले, परवाना दोन्हींना पेसोचाच (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचाच) लागत असला, तरी इथेनॉलच्या व्हेंटवरचा अरेस्टर जास्त गंभीरपणे घ्यायचा तो यासाठी.

३०० घनमीटरची टाकी घेऊ. टँकर भरताना पंप तासाला ६० घनमीटर उपसतो. बहुतेक ठिकाणी व्हेंट याच ६० वर काढलेला सापडतो. आता वळवाचा पाऊस आठवा. मे महिन्याची दुपार, पत्रा हात लावू देत नाही, आणि चार वाजता गारांसह सर येते. टाकीतली वाफ काही मिनिटांत आकसते. एपीआय २००० या टाक्यांच्या व्हेंटबद्दलच्या अमेरिकी मानकात या आकसण्याचं सूत्र आहे: घनफळाचा ०.७ वा घात गुणिले एक गुणक, जो ४२ अक्षांशाच्या खालच्या प्रदेशात २५ अंशांच्या वर साठवलेल्या मालाला ६.५ धरायचा. ३०० चा ०.७ वा घात ५४. गुणाकार ३५२. त्यात पंपाचे ६०. टाकीला तासाला ४१२ घनमीटर हवा आत घ्यायची आहे, ६० नव्हे.

१०० एनबीच्या व्हेंटमधून ती हवा सेकंदाला १४ मीटरने जाते. नुसत्या वेगाचा दाबच ११-१२ मिलिमीटर होतो. अरेस्टर आणि ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीचा श्वास आत-बाहेर जाऊ देणारा) मिळून त्याच्या चार-पाच पट खातात. आणि टाकीला सहन होणारी निर्वात जेमतेम २५ मिलिमीटर. टाकी चेपते. १५० एनबीला तोच वेगाचा दाब सव्वादोन मिलिमीटरवर येतो, सगळं मिळून गणित जमतं, पण मळण्याला जागा उरत नाही. मी इथे २०० घेतो किंवा १५० चे दोन. आग लागली तर वाफ सोडणारा आपत्कालीन व्हेंट वेगळा, त्याचा या हिशेबाशी संबंध जोडू नका.

टाकीच्या अरेस्टरला आणखी एक प्रश्न विचारायचा: वर ज्वाला पेटून तिथेच जळत राहिली तर तो किती वेळ टिकतो? आयएसओमध्ये याचे दोन दर्जे आहेत. थोडा वेळ जळणं, जे मिनिटांत दिलेलं असतं, आणि दीर्घकाळ जळणं, ज्याची चाचणी दोन तासांची असते. टाकीला दीर्घकाळाचा हवा. त्यातही ती चाचणी अल्कोहोलवर झाली आहे का, हे लेखी मागा. हेक्झेनवर पास झालेला अरेस्टर इथेनॉलच्या ज्वालेवर तसाच वागेल असं गृहीत धरता येत नाही. इथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून अरेस्टरवर तापमानाचा सेन्सर लावून घ्यावा. दुपारी खालून मान वर करून बघणाऱ्या ऑपरेटरला काहीच दिसणार नाही.

कोटेशन आल्यावर काय वाचायचं

किमतीच्या आधी प्रमाणपत्र. त्यावर गट, प्रकार, तपासलेला दाब, तापमानाची मर्यादा, लांबी-व्यासाची मर्यादा आणि ज्वाला एका बाजूने की दोन्ही बाजूंनी चालेल, हे सगळं त्याच मॉडेलचं आणि त्याच मापाचं असायला हवं. १०० एनबीचं प्रमाणपत्र जोडून २०० एनबीचा माल देणारे भेटतात. ‘आयएस ११००६ प्रमाणे’ किंवा ‘आयएसओ प्रमाणे बनवलेला’ एवढं वाक्य पुरेसं नाही. चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली ते हवं. साधारण ६० अंशांपर्यंत सर्वसाधारण मॉडेल चालतात. बॉयलरच्या धुराड्याशेजारून जाणारी लाइन असेल तर तापमान प्रत्यक्ष मोजून कळवा.

धातूंबाबत थोडक्यात: कच्च्या बायोगॅसला चाक एसएस ३१६ चं, तांबं-पितळ कुठेही नको. हाऊसिंग असं घ्या की फ्लँज न उघडता नुसतं चाक बाजूला काढता येईल. आडव्या लाइनला तळ सपाट ठेवणारं हाऊसिंग मागा, नाहीतर पोटात पाणी साठतं आणि खालच्या एक-तृतीयांश नळ्या पहिल्या आठवड्यातच बुडतात.

बसवताना

ज्वालेच्या दिशेचा बाण बघून बसवा. फ्लेअरच्या लाइनला आग फ्लेअरकडून येणार, म्हणून थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) त्या बाजूला. तो तापला की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. नुसता भोंगा वाजून भागत नाही, कारण अरेस्टर ज्वाला कायमची धरून ठेवत नाही, थोडा वेळ मिळवून देतो. लाइनला उतार, अरेस्टरच्या दोन्ही बाजूंना ड्रेन, ड्रेनच्या पाण्याचा सील डोमच्या दाबाच्या किमान दुप्पट उंचीचा. फ्लँजवर अर्थिंगची पट्टी. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा गेज.

आणि बायपास नको. साफसफाईसाठी चालू लाइन हवी असेल तर शेजारी दुसरा अरेस्टर लावा. बायपास ठेवला की तो एके रात्री उघडला जातो आणि हंगाम संपेपर्यंत उघडाच राहतो.

उघडताना

एका डिस्टिलरीत मी गेलो तेव्हा फ्लेअर पूर्ण जोरात चालू होता आणि अरेस्टरचा गेज शून्य दाखवत होता. पाळीवरचे सगळे खूश होते: बघा साहेब, किती स्वच्छ आहे. गेजच्या नळ्या काढून फुंकून बघितल्या, मोकळ्या होत्या. शटडाऊनमध्ये हाऊसिंग उघडलं तर आत चाकच नव्हतं. मागच्या हंगामात चोक झालं, गॅस जाईना, म्हणून फिटरने ते काढून बाजूला ठेवलं आणि झाकण परत आवळलं. चाक स्टोअरमध्ये एका रॅकखाली सापडलं. तेव्हापासून मी दोन आकडे लिहून ठेवायला सांगतो: नवं असतानाची घट आणि त्या वेळचा प्रवाह. गेज त्याहून दुप्पट झाला तर साफ करायचं. आणि प्रवाह असून गेज शून्यावर असेल, तर त्याच दिवशी उघडायचं.

तेच चाक धुवायला बाहेर आणलं तेव्हा दुसरा धडा मिळाला. नळ्यांच्या तोंडांवर पिवळसर गंधकाची साय आणि आत काळा, तेलकट दिसणारा थर होता. कोणीतरी ते उन्हात पोत्यावर ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी पोत्याला भोक पडून धूर यायला लागला. तो काळा थर आयर्न सल्फाइडचा होता. लोखंडी पाइपमध्ये हायड्रोजन सल्फाइड फिरला की तो तयार होतो, गॅस जिकडे वाहतो तिकडे येऊन चाकात अडकतो, आणि कोरडा होऊन हवा लागली की स्वतःहून पेटतो. ज्वाला अडवायला लावलेल्या वस्तूतच, सुरक्षित बाजूला, ठिणगी तयार बसलेली असते. म्हणून हाऊसिंग उघडण्याआधी लाइन दोन्हीकडून ब्लँक करा (चकती घालून बंद करा), नायट्रोजनने पर्ज करा (आतला गॅस हाकलून द्या), आणि चाक बाहेर येताच पाण्यात बुडवा. ते वाळू द्यायचं नाही. उघडणाऱ्याने हवेचा संच लावलेला असावा. तीन टक्के हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तीस हजार पीपीएम, आणि शंभर पीपीएमलाच जीव धोक्यात येतो. तेवढ्या तीव्रतेला नाक काही सांगत नाही, वास येणंच बंद होतं.

धुताना चाक जमिनीवर आपटू नका, नळ्यांत तार घालू नका, जेटचा फवारा जवळून मारू नका. एक नळी रुंद झाली तरी पायरी १ मधली सगळी मोजमापं त्या एका भोकातून निघून जातात. साध्या पाण्यात भिजवून, कमी दाबाने, गॅसच्या उलट दिशेने धुवायचं, मग चाक उजेडासमोर धरून बघायचं. सगळीकडे सारखा बारीक उजेड दिसला पाहिजे. कुठे मोठा ठिपका दिसला, पट्टी सुटलेली किंवा दबलेली वाटली, तर ते चाक भंगारात टाकायचं. एक जास्तीचं चाक स्टोअरमध्ये असलं की हा निर्णय घेणं फिटरला सोपं जातं.

टाकीवरच्या अरेस्टरला गंधक नसतो, पण कुंभारमाशी असते. उन्हाळ्यात ती व्हेंटच्या तोंडाशी मातीचं घर करते आणि पावसाळ्यात त्या मातीचा चिखल होऊन आत बसतो. म्हणून टाक्यांचे अरेस्टर आम्ही वर्षातून दोनदा उघडतो, आणि त्यातली एक वेळ ठरलेली आहे: मे महिन्याचा पहिला आठवडा, वळीव यायच्या आधी.